पगाराआधीची धाव

अमेरिकेतल्या मॅडिसनच्या कॅम्प रँडल स्टेडियममध्ये वरच्या मजल्याच्या कठड्यावर ‘३३ डेन’ अशी अक्षरं आहेत. रॉन डेन १९९६ ते १९९९ ही चार वर्षं विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला. चेंडू काखेत घट्ट धरायचा आणि समोरच्या अकरा जणांतून जमेल तेवढं पुढे घुसायचं, हे त्याचं काम. असा तो ७,१२५ यार्ड गेला. आपल्या हिशेबात साडेसहा किलोमीटर. तलावाकाठी मी साधारण तेवढंच चालते, फक्त मला वाटेत कुणी पाडत नाही. अधिकृत नोंदीत त्यातले ६,३९७च धरले जातात, कारण त्या काळी हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यांतलं अंतर कारकिर्दीच्या बेरजेत घेत नसत. १९९९चा हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान, त्याला मिळाला. पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजची पोरं पाळीपाळीने सात फेऱ्यांत निवडतात तिथे, न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला पहिल्या फेरीत अकराव्या क्रमांकावर उचललं. आणि मग एनएफएलमध्ये, तीन संघ फिरून, सगळं मिळून भरले ३,७२२ यार्ड. २००३चा अख्खा हंगाम तो जायंट्सच्या पगारपत्रकावर होता आणि एकाही सामन्यात त्याला मैदानात उतरवलं नाही.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार, आणि सामना संपल्यावर पेठापेठांतून चालणारी भांडणं. त्यामुळे शिकायला म्हणून इथे आले तेव्हा लाल स्वेटर घातलेली ऐंशी हजार माणसं शनिवारी एका मैदानाकडे चाललेली पाहून मला गर्दीचं अप्रूप वाटलं नाही. खेळाचं वाटलं. हाताने चेंडू घेऊन पळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात, हा राग पहिले काही हिवाळे टिकला. मग नोकरी, संसार, मुलगा. मुलाच्या नादाने सामने बघायला लागले आणि नजर आपोआप त्या एका खेळाडूवर जाऊन बसली, जो चेंडू घेतो आणि सरळ माणसांच्या ढिगात शिरतो. रनिंग बॅक. क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू वाटणाऱ्या-फेकणाऱ्या म्होरक्याचं, डोकं मला कधी कळेल असं वाटत नव्हतं, पण या माणसाचं दुखणं पहिल्याच दिवशी कळलं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ आहेत, शाळेच्या संघाचे पूर्वीचे प्रशिक्षक. सगळे त्यांना ‘कोच’ म्हणतात, मीही म्हणते. त्यांचं ठाम मत असं, की रनिंग बॅक घडतो तो आमच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये. नोव्हेंबरची थंडी, कडक झालेली जमीन, समोर दीडशे किलोची माणसं. इथे जो टिकला तो कुठेही टिकेल. दक्षिणेतल्या एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सवाल्यांना विचाराल तर ते म्हणतील, वेग आमच्याकडे आहे, आमच्याच संरक्षक फळीतली निम्मी पोरं पुढे एनएफएलमध्ये दिसतात, तेव्हा खरी परीक्षा आमच्याकडे. टेक्सास-ओक्लाहोमाच्या बाजूच्या बिग ट्वेल्व्हबद्दल दोघेही नाक मुरडतात: तिथले यार्ड फुगवलेले, तिथे अडवायला कुणी नसतंच. हा वाद मी इतक्या वेळा ऐकलाय की माझं स्वतःचं मत व्हायला नको होतं, पण झालं. मला वाटतं, ‘कोणती कॉन्फरन्स तयार करते’ हा प्रश्न चाहत्यांच्या अभिमानाचा आहे. त्या मुलाच्या बाजूने बघितलं तर दोनच गोष्टी उरतात. चेंडू हातात नसताना त्याला काय शिकवलं, आणि पगार सुरू होण्याआधी त्याचं शरीर किती वापरलं.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेला संघ-समूह. बिग टेन १८९६पासूनचा. नावात दहा असले तरी २०२४मध्ये कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टनकडची चार विद्यापीठं आली आणि संख्या अठरा झाली. नाव मात्र तेच. हंगामात बारा सामने, त्यातले आठ-नऊ आपल्याच कॉन्फरन्समध्ये. म्हणजे रनिंग बॅक जे शिकतो ते बहुतेक याच ठरावीक शेजाऱ्यांशी भिडून शिकतो. त्यांना मोडायला जी पद्धत लागते ती त्याच्या अंगात मुरते, आणि मग बावीसाव्या वर्षी त्याला सांगतात की आता खेळ वेगळा आहे.

विस्कॉन्सिनची पद्धत घ्या. बॅरी अल्वारेझ १९९०मध्ये इथे प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघाची दशा वाईट होती. त्यांनी हिशेब साधा ठेवला. या राज्यात विजेच्या वेगाची पोरं फार मिळत नाहीत, पण थोराड हाडापेराची मिळतात. तर आधी लाइन बांधायची. लाइन म्हणजे पुढच्या रांगेतले पाच आडदांड, ज्यांना चेंडू घेऊन पळायला मिळत नाही आणि ज्यांचं नाव पंचांनी चूक पकडल्यावरच ध्वनिक्षेपकावर ऐकू येतं. रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या मागे सात यार्ड उभा. चेंडू मिळेपर्यंत त्याला तीन-चार पावलांचा वेग आलेला असतो, खांदे सरळ पुढे. पाचांपैकी एक गडी आपली जागा सोडून आडवा पळत येतो आणि दार उघडतो. याला ‘पॉवर’ म्हणतात. डेनसारखा एकशे पंधरा-वीस किलोचा माणूस त्या दारातून वेगाने आला की कुणाची छाती होणार?

एनएफएलमध्ये झालं इतकंच, की दार कमी वेळा उघडायला लागलं आणि उघडलं तरी लगेच मिटायला लागलं. कॉलेजात बहुतेक शनिवारी आपली लाइन समोरच्यापेक्षा सरस असते. रविवारी, व्यावसायिक मैदानात, समोरचे अकराही जण आपापल्या कॉलेजचे डेन असतात. तिथे बळापेक्षा थांबणं लागतं. झोन पद्धतीच्या धावेत पाचही जण एकाच दिशेने सरकतात, फट नेमकी कुठे पडेल हे आधी कुणालाच माहीत नसतं, आणि बॅकने अर्धा श्वास दम धरून ती दिसताच एका पावलात वळायचं असतं. संध्याकाळी दादरच्या पुलावर समोरून लोंढा येत असताना सराईत बाई जशी जिन्यापर्यंत पोचते, धक्का न देता, मोकळी जागा होण्याच्या क्षणभर आधी तिथे पाऊल टाकून, तसं ते असतं. जायंट्सकडे डेनबरोबर टिकी बार्बर होता, व्हर्जिनिया विद्यापीठाचा, दुसऱ्या फेरीत घेतलेला, अंगाने लहान. पास झेलणारा, वळणारा. पहिल्या वर्षी दोघांची जोडी गाजली, संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. पुढच्या वर्षांत जागा बार्बरची झाली.

मैदानसुद्धा वेगळं असतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लांबी-रुंदी तीच, पण खेळ जिथून सुरू होतो त्या आखलेल्या खुणा, हॅशमार्क, कॉलेजात एकमेकांपासून चाळीस फुटांवर असतात आणि एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजात चेंडू एका कडेच्या खुणेवर असला की दुसऱ्या बाजूला भलं मोठं रान मोकळं. चपळ मुलगा चेंडू घेऊन त्या रुंद बाजूला पळत सुटतो आणि कोपरा गाठतो. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी त्याचे दीडशे यार्ड. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मधोमधच असतो, दोन्ही बाजू सारख्या, आणि कोपऱ्यावर जो येतो तोही तितकाच वेगवान. कॉलेजात सवय झालेली पळवाट तिथे बंद. कॉलेजात गुडघा टेकला की खेळ थांबतो, कुणी हात लावलेला असो वा नसो. एनएफएलमध्ये घसरून पडलात आणि कुणी शिवलं नाही तर उठून पळायची मुभा आहे. ही पोरं पहिल्या काही आठवड्यांत पडल्यावर पडूनच राहत असतील का, असं मला उगाच वाटत राहतं.

पण खरा दगा होतो तो या सगळ्यात नाही. तो होतो चेंडू फेकायच्या वेळी.

पास फेकायचा असेल तेव्हा बॅकने धावायचं नसतं, क्वार्टरबॅकच्या अंगावर येणाऱ्याला अडवायचं असतं. संरक्षक फळीतले दोघे-तिघे वेगवेगळ्या फटींतून घुसणार, त्यातला नेमका कोण आपला, हे चेंडू सुटायच्या आधी ओळखायचं. आतून येणारा आधी, बाहेरून येणारा नंतर, कारण आतल्याची वाट जवळची. कधी दोघेही येतात, कधी एक जण आल्यासारखं करून मागे सरकतो. कॉलेजात बरेच प्रशिक्षक हा सगळा अभ्यास टाळतात. क्वार्टरबॅकने चेंडू झटकन फेकावा, बॅकने बाजूला पळून जावं, काम भागतं. आठवड्याला सरावाचे तास मोजून दिलेले, त्यात हे शिकवत कोण बसणार? एनएफएलमध्ये मागे उभा असलेला माणूस काय किमतीचा असतो बघा: क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा २०२४चा करार वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलरचा आहे. त्याच्या अंगावर कुणी मोकळा आला, तर तुमच्या कॉलेजच्या यार्डांचं तिथे कुणाला काही पडलेलं नसतं.

माँटी बॉलचं असंच झालं. हाही विस्कॉन्सिनचाच. २०११च्या एका हंगामात ३९ टचडाउन करून, म्हणजे ३९ वेळा चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन, त्याने बॅरी सँडर्सच्या विक्रमाशी बरोबरी केली. चेंडू हातात घेऊन नऊशेहून जास्त वेळा धावला. २०१३मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजनी त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं, क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या पाठीशी उभं राहायला. हंगामाआधीच्या एका सामन्यात सिॲटलचा बॉबी वॅग्नर मधून घुसला, बॉलने त्याला अडवलं नाही आणि मानेवर शस्त्रक्रिया झालेला सदतीस वर्षांचा मॅनिंग आडवा झाला. त्या वर्षी मुख्य बॅक म्हणून खेळला तो नोशॉन मोरेनो, आणि त्याने हजारावर यार्ड केले. मोरेनो जॉर्जियाचा, म्हणजे एसईसीचा. कोचना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘बघा, कॉन्फरन्सचा फरक.’’ म्हणजे त्यांनी स्वतःचीच बाजू सोडली, पण मला तेही पटलं नाही. मोरेनो तेव्हा एनएफएलमध्ये पाचव्या वर्षात होता. अडवणं तो जॉर्जियात शिकला की डेन्व्हरमध्ये चार वर्षं मार खाऊन, हे कॉन्फरन्सचं नाव सांगत नाही. बॉलची कारकीर्द दोन हंगामांत आटोपली, हजार यार्डही झाले नाहीत.

मेल्विन गॉर्डनचा तो दिवस आम्ही घरी टीव्हीवर पाहिला. १५ नोव्हेंबर २०१४, नेब्रास्काविरुद्ध, हवेत हिमाचे कण. पंचवीस वेळा चेंडू घेतला आणि ४०८ यार्ड केले, तेही तीनच डावांत. चौथ्यात त्याला बसवून ठेवलं, गरजच नव्हती. राष्ट्रीय विक्रम. मुलगा सोफ्यावर नाचत होता. एका आठवड्याने ओक्लाहोमाच्या समाजे पेराइनने कॅन्ससविरुद्ध ४२७ करून तो मोडला. बिग ट्वेल्व्हला नावं ठेवणाऱ्यांना तेवढा मुद्दा सापडला. गॉर्डन पंधराव्या क्रमांकावर चार्जर्सकडे गेला. पहिल्या वर्षी ६४१ यार्ड आणि टचडाउन एकही नाही. पुढे तो सावरला, चांगली वर्षंही काढली. पण २०१९मध्ये पगारवाढीसाठी अडून बसला आणि त्याच्या जागी ऑस्टिन एकेलर उतरला.

एकेलर कुठला, तर वेस्टर्न कोलोरॅडोचा. डिव्हिजन टू, म्हणजे जिथले सामने टीव्हीवर दिसत नाहीत. सात फेऱ्यांत त्याला कुणी घेतलं नव्हतं. २०१९मध्ये त्याने ९२ पास झेलले. गॉर्डन परतला, पण पुढच्या वर्षी त्याला दुसरा संघ शोधावा लागला. लाखभर प्रेक्षकांसमोर ओहायो स्टेटशी भिडलेला बॅक गेला, आणि डोंगरातल्या लहान गावातला राहिला, कारण त्याला झेलता येत होतं. हा किस्सा मी कोचना मुद्दाम पुन्हा पुन्हा ऐकवते.

मग विस्कॉन्सिनने जोनाथन टेलरला काही वेगळं शिकवलं का? थोडंसं, आणि उशिरा. न्यूजर्सीच्या सेलम गावचा हा मुलगा तीन हंगामांत ६,१७४ यार्ड धावला. चेंडू घेऊन ९२६ वेळा. पहिल्या दोन्ही वर्षांत त्याने झेललेले पास आठ-आठ. तिसऱ्या वर्षी सव्वीस. त्या हंगामात खेळाच्या सुरुवातीला त्याला कडेला सरकवून झेलायला लावत, तेव्हा माझ्या मागच्या रांगेतले लोक वैतागायचे: अरे, त्याला धावू द्या ना! धावणं त्याला येतच होतं. ते सव्वीस झेल म्हणजे एनएफएलला पाठवलेला अर्ज होता. तरीही २०२०च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या फेरीत गेला नाही, इंडियानापोलिस कोल्ट्सनी एकेचाळिसाव्या क्रमांकावर घेतला. कारणं दोन सांगितली जात: चेंडू हातातून फार सुटतो, आणि ९२६. २०२१मध्ये त्याने १,८११ यार्ड करून सगळ्या लीगमध्ये पहिला नंबर मिळवला आणि ४० पास झेलले. त्या वर्षी सगळे मिळून सर्वाधिक टचडाउन दोघांचे बरोबरीत, वीस-वीस. एक टेलर, दुसरा एकेलर.

डेन, बॉल, गॉर्डन, टेलर. एकच कॉन्फरन्स, एकच विद्यापीठ, बरीचशी तीच पद्धत, तीच थंडी. चौघांचं चार तऱ्हांनी झालं. इथे मला कोचच्या सिद्धांतात दम दिसेनासा झाला.

दक्षिणेत अलाबामाला निक सेबन यांनी जे केलं ते मला जास्त विचारात पाडतं. त्यांच्याकडे एका वेळी तीन-चार बॅक असे असायचे, की त्यातला कुणीही दुसऱ्या विद्यापीठात पहिला खेळला असता. तिथूनही एकसारखं काही निघालं नाही. ट्रेंट रिचर्डसन २०१२मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच क्लीव्हलँडने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि दर धावेला साडेतीन यार्डही पडेनात. डेरिक हेन्रीने २०१५मध्ये ३९५ वेळा चेंडू घेतला. ऑबर्नविरुद्ध ४६ वेळा, पुढच्या आठवड्यात एसईसीच्या अंतिम सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध ४४. आठवड्याभरात नव्वद टकरा. मी बाई असते त्याची आई, तर तिथेच उठून मैदानात गेले असते. त्याला हाइझमन मिळाला, ड्राफ्टमध्ये पंचेचाळिसावा गेला, पहिली दोन वर्षं डिमार्को मरेच्या मागे थांबला, आणि २०२०मध्ये २,०२७ यार्ड केले. सगळ्यांनी ज्याचं शरीर संपलं म्हणून सांगितलं, तो तिशी ओलांडूनही २०२४मध्ये बाल्टिमोरसाठी १,९२१ धावला. म्हणजे ओझ्याचा नियम हेन्रीला लागू नाही. पण हेन्री काही माणसांच्या सरासरीत धरण्याजोगा नाही.

जॉश जेकब्सचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. अलाबामाच्याच त्या गर्दीत तीन वर्षांत त्याच्या वाट्याला २५१च धावा आल्या. टेलरच्या चौथा हिस्सा. उरलेल्या वेळात अडवणं, झेलणं, बदली म्हणून उतरणं. २०१९मध्ये पहिल्या फेरीत चोविसावा, आणि २०२२मध्ये १,६५३ यार्डांसह लीगमध्ये पहिला. जॉर्जियातही निक चब आणि सोनी मिशेल यांनी काम वाटून घेतलं. चबचा गुडघा २०१५मध्ये टेनेसीत मोडला होता. तो परत आला तेव्हा सगळा भार त्याच्या एकट्यावर पडला नाही, कारण मिशेल होता. १ जानेवारी २०१८च्या रोझ बोलमध्ये ओक्लाहोमाविरुद्ध जादा वेळेत मिशेलने सामना संपवला. दोघेही पहिल्या पस्तिसांत निवडले गेले. मिशेलने पहिल्याच वर्षी सुपर बोलमधला एकमेव टचडाउन केला. चबने क्लीव्हलँडला वर्षानुवर्षं ओढलं, २०२३मध्ये तोच डावा गुडघा पुन्हा जाईपर्यंत. वाटून घेतलेलं ओझं ही मला तयारीची खरी खूण वाटते. चाहत्यांना मात्र तीच नको असते. त्यांना विक्रम हवा, आणि विक्रमाला एकच माणूस लागतो.

मार्कस लॅटिमोरबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण ते चित्रण मी एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहणार नाही. साउथ कॅरोलिनाचा बॅक, एसईसी. २०११मध्ये डावा गुडघा, २७ ऑक्टोबर २०१२ला उजवा. दोन्ही संघ मैदानात त्याच्याभोवती उभे राहिले. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला तरीही चौथ्या फेरीत घेतलं. २०१४मध्ये एकही सामना न खेळता त्याने निवृत्ती घेतली. त्याच्या त्या दोन-तीन हंगामांची किंमत त्याच्या हाती काय आली होती? शिक्षणाची फी, खोली, जेवण.

आणि तो आधी जाऊही शकत नव्हता. शाळा संपल्यावर तीन वर्षं लोटल्याशिवाय एनएफएल कुणाला घेत नाही. या नियमाला मॉरिस क्लॅरेटने कोर्टात आव्हान दिलं होतं. ओहायो स्टेटचा हा मुलगा २००२मध्ये पहिल्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोचला आणि मायामीविरुद्ध दुसऱ्या जादा डावात निर्णायक टचडाउन त्यानेच केला. त्याच रात्री समोरच्या संघातल्या विलिस मॅकगाहीचा गुडघा फाटला. एकाच मैदानात एक बॅक विजेता, दुसरा स्ट्रेचरवर, आणि दोघांनाही पगार नाही. पुढच्या वर्षी विद्यापीठाने क्लॅरेटला निलंबित केलं, तो नियमाविरुद्ध लढला, २००४मध्ये खालच्या कोर्टात जिंकला आणि अपिलात हरला. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. क्लॅरेटला २००५मध्ये तिसऱ्या फेरीत डेन्व्हरने घेतलं, पण हंगाम सुरू व्हायच्या आधीच सोडून दिलं. मॅकगाही, गुडघा फाटूनही, २००३मध्येच तेविसाव्या क्रमांकावर निवडला गेला, वर्षभर बसला, आणि पुढच्या वर्षी हजारावर यार्ड धावला. या दोन गोष्टी एकत्र ठेवून काही नियम निघतो का, हे मी बघितलं. निघत नाही.

क्वार्टरबॅक कॉलेजात तीन वर्षं राहिला तर शहाणा होतो, लाइनमधला गडी थोराड होतो. बॅकची गोष्ट उलटी. त्याचं शरीर विशी-बाविशीत सगळ्यात चांगलं चालतं, आणि नेमकी ती वर्षं कॉन्फरन्सच्या खात्यात जातात. एनएफएलमधला पहिला करार चार वर्षांचा, ठरावीक पगाराचा. तो संपेपर्यंत पंचविशी-सव्विशी आलेली, आणि मालक म्हणतो, आता तुझ्यात काय उरलंय? २०२३च्या उन्हाळ्यात टेलर आणि कोल्ट्स यांचं याच गोष्टीवरून जाहीर वाजलं. शेवटी ऑक्टोबरमध्ये तीन वर्षांचे ४.२ कोटी डॉलर ठरले. त्याच उन्हाळ्यात देशभरच्या बॅकनी एकत्र येऊन झूमवर बैठक घेतली. बोलावली कुणी? एकेलरने.

आता चित्र थोडं बदललंय. १ जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींतून पैसे घेता येतात, आणि २०२५च्या उन्हाळ्यातल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. मला हा बदल कोणत्याही नव्या सराव पद्धतीपेक्षा मोठा वाटतो. खेळही बदलला. एनएफएलमध्येच आता क्वार्टरबॅक बहुतेक वेळा चार-पाच यार्ड मागे उभा राहून चेंडू घेतो, बॅक त्याच्या शेजारी. ज्या बिग ट्वेल्व्हला लोक हसायचे त्यांच्याकडे ही मांडणी कधीपासून आहे. त्यामुळे टेक्सासचा बिजान रॉबिन्सन आठव्या क्रमांकावर गेला तेव्हा कुणी फुगवलेल्या यार्डांचं नाव काढलं नाही. विस्कॉन्सिननेसुद्धा २०२३मध्ये मोह धरला आणि पास फेकण्यावर भर देणाऱ्या ‘एअर रेड’ पद्धतीचा प्रशिक्षक आणला. दूधदुभत्याचं राज्य म्हणून लोकांनी त्या प्रयोगाला ‘डेअरी रेड’ नाव दिलं. २०२४च्या नोव्हेंबरात, हंगाम संपायच्या आतच, त्या प्रशिक्षकाला घरी पाठवलं. कोच महिनाभर खुशीत होते.

२०२५च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला बॅक सहाव्या क्रमांकावर लास व्हेगासकडे गेला. ॲश्टन जीन्टी, बॉइझी स्टेटचा, माउंटन वेस्ट नावाच्या लहान कॉन्फरन्समधला. आदल्या हंगामात ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड. कोचनी माउंटन वेस्टबद्दल जे उद्गार काढले ते इथे छापण्यासारखे नाहीत. मला त्याच्या आदल्या वर्षाचा आकडा महत्त्वाचा वाटला: त्रेचाळीस झेल. हा मुलगा शाळेत होता टेक्सासच्या फ्रिस्कोत. फ्रिस्को म्हणजे आमच्या नात्यागोत्यातल्या अर्ध्या मंडळींचं हल्लीचं गाव, गणपतीला तिथे ढोल-ताशा पथकं असतात. माझी मावसबहीण तिथेच राहते. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाजात नवाच हुरूप. तिच्या आठवीतल्या लेकाने जाहीर केलं होतं की आपण रनिंग बॅक होणार.

‘‘ताई, तुला यातलं कळतं ना गं? कुठली कॉन्फरन्स चांगली?’’

मी म्हटलं, कॉन्फरन्स राहू दे. कॉलेजवाले दारात आले तर त्यांना विचार, याला अडवायला कोण शिकवणार, आणि एका सामन्यात चेंडू किती वेळा हातात देणार. तिने ते लिहूनही घेतलं बहुतेक, कारण मधे थोडा वेळ काही बोलली नाही.

‘‘बरं,’’ ती म्हणाली, ‘‘आणि छत्तीस किलोचा रनिंग बॅक चालतो का?’’